गावात पाऊस मोजायचं यंत्र येतंय, जागा कुठली द्यावी?

रानातला_गडी

नमस्कार मंडळी. नेहमी नुसता वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

आमचं गाव पुरंदर किल्ल्याच्या दक्षिण अंगाला. मी ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, धंदा शेती. वाटाणा, कांदा, थोडं सीताफळ. पंचायतीला पत्र आलंय की केंद्राच्या 'विंड्स' योजनेत गावोगाव हवामानाची यंत्रं बसणार आहेत, तर मोकळी, कुंपण घालता येईल अशी जागा सुचवा आणि ठराव द्या. सोमवारी ग्रामसभा आहे.

जागा चार निघाल्यात. सरपंचांचं म्हणणं पंचायतीच्या स्लॅबवर बसवू, चोरीची भीती नाही. हेडमास्तर म्हणतात शाळेच्या मैदानाचा कोपरा घ्या, पण तिथं मोठा वड आहे. तिसरी जागा गायरानात, पाण्याच्या टाकीपाशी, गावापासून अर्धा किलोमीटर. आणि आमच्यातलेच एक सदस्य म्हणतात माझ्या वावरात बसवा, भाडंही नको. (त्यांचा सगळ्यात जास्त कांदा विम्यात आहे, एवढंच सांगतो.)

मला यात एवढा रस का, तर दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात दुपारी साडेचारला ढग आला तो सहा वाजेस्तोवर धुऊन गेला. कांद्याचं रोप वाहून गेलं, ताली फुटल्या. तलाठी भाऊसाहेब आले, बघून हळहळले, आणि म्हणाले मंडळाच्या केंद्रावर ११ मिलिमीटरच आहे, अतिवृष्टीला ६५ च्या वर लागतो. ते केंद्र डोंगराच्या पलीकडं, दहा-बारा किलोमीटरवर. मीच दुसऱ्या दिवशी जाऊन आलो, तिकडं रस्ता पण नीट भिजला नव्हता. म्हणजे यंत्र खोटं बोललं नाही. पण आमच्या अंगणात आईनं ठेवलेलं घमेलं काठोकाठ भरलं होतं. पट्टी लावून मोजलं, १२ सेंटिमीटर. म्हणजे १२० मिलिमीटर! ते कोण धरणार?

तर आता यंत्र दारात येतंय तर ते नीट बसावं. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.

टेलिमेट्रीवाला

भाऊ, मी अशी यंत्रं बसवत फिरतो. आठ वर्षं झाली. पटापट सांगतो.

पत्र पुन्हा वाचा. योजनेत तालुका पातळीला पूर्ण स्वयंचलित केंद्र आणि ग्रामपंचायतीला स्वयंचलित पर्जन्यमापक अशी मांडणी आहे. तुमच्याकडे बहुतेक फक्त पाऊस मोजणारं येईल. तसं असेल तर वाऱ्यासाठी दहा मीटरचा खांब वगैरे भानगड नाही, जागा शोधणं सोपं.

चारही जागांवर मोबाइल घेऊन जा आणि रेंज बघा. फोनवर बोलता येतंय एवढं पुरत नाही, पावसात आणि रात्रीही बघा. यंत्रात सिम असतं, रेंज गेली की आकडे आतच साठतात आणि कधीकधी साठतच नाहीत.

सोलर पॅनल दक्षिणेकडे तोंड करून असतं. दक्षिणेला झाड, इमारत नको. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा सावली लांब पडते, हे जागा बघायला उन्हाळ्यात गेलेला माणूस विसरतो.

बॅटरी चोरीला जाते. कुंपणाला कुलूप लावा आणि किल्ली कुणाकडे ते ठरावात लिहा. मी एका गावी तीनदा गेलो, तिन्ही वेळा किल्लीवाला लग्नाला.

आणि एक. उंदीर वायर खातात. पाइपातून घेतली नसेल तर बसवणाऱ्याला हलू देऊ नका.

साडेआठ

रानातले गडी, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी हवामान खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होतो. महाबळेश्वर, रत्नागिरी, सोलापूर आणि शेवटी पुणे. सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा, ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही, म्हणून इथलं नावही तेच घेतलंय.

आधी घमेल्याचा निकाल लावू, कारण ते माझ्या डोक्यातून जाईना. घमेल्याच्या भिंती तिरक्या असतात. वर तोंड मोठं, खाली तळ लहान. पाऊस पडतो तो वरच्या मोठ्या तोंडातून, साठतो मात्र खालच्या अरुंद भागात, म्हणून खोली फुगून दिसते. तोंड ४० सेंटिमीटर, तळ २५ आणि खोली १२ धरून गणित केलं तर काठोकाठ भरलेलं घमेलं म्हणजे साधारण ८० मिलिमीटर होतं. १२० नाही. घमेल्याची गोलाई, शिंतोडे, यामुळे थोडं इकडेतिकडे. आणि आता नाजूक प्रश्न. घमेलं वळचणीखाली होतं का? तसं असेल तर पत्र्यावरचं पाणीही त्यात आलं आणि तो आकडा सोडूनच द्या.

आता जागा.

स्लॅब बाद. सरपंचांना माझा नमस्कार सांगा, पण बाद. इमारतीच्या भिंतीला वारा आपटतो, वर चढतो आणि कठड्यावर भोवरे होतात. त्या भोवऱ्यात थेंब मापकाच्या तोंडावरून तिरके निघून जातात. जोराच्या वाऱ्यात पाऊस कमी भरतो, आणि तुमच्याकडे रोपं वाहून नेणारा पाऊस नेमका वाऱ्याचाच असतो. तुमच्याच नुकसानीच्या दिवशी तुमचंच यंत्र कमी दाखवेल. उद्या कुणी त्याच खांबावर तापमापक लावला तर तो हवेचं नव्हे, तापलेल्या सिमेंटचं तापमान सांगेल.

वड बाद. आमचा नियम सोपा होता, अडथळा जितका उंच त्याच्या किमान दुप्पट लांब राहायचं, जमलं तर चौपट. झाडाखाली आणखी एक होतं, पाऊस थांबल्यावरही पानं गळत राहतात आणि मापक मोजत राहतो. वर पाखरं बसतात. पाखरं बसली की नरसाळं बुजतं.

वावर बाद. ते तुम्हालाच ठाऊक आहे.

राहिलं गायरान. पण टाकीपाशी म्हणजे किती पाशी? टाकी १२ मीटर उंच असेल तर २४ मीटरच्या आत येऊ नका आणि जागा असेल तर ४८ वर जा. टेप घेऊन मोजा, पावलांनी नको. ग्रामसभेत पावलं प्रत्येकाची वेगळी पडतात. टाकी ओसंडून वाहते का तेही बघा. वाऱ्यानं तिचे तुषार किती लांब येतात हे दुपारी उभं राहून कळतं.

जमीन सपाट हवी आणि भोवती शहाबादी फरशी नको, गवत असू द्या. फरशीवरून थेंब उसळून आत जातात. आमच्या साध्या मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर असायचं, स्वयंचलित यंत्राचं थोडं उंच असतं. उंची कितीही असो, तोंड पाणसळीत पाहिजे. गवंड्याची पाणसळ आडवी ठेवा आणि मग काटकोनात फिरवून पुन्हा ठेवा.

ही झाली जागा. पण जागेपेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे.

यंत्राच्या आत कानातलं भरायच्या डबीएवढ्या दोन वाट्या एका दांडीवर असतात, मुलांच्या सीसॉसारख्या. नरसाळ्यातून पाणी एका वाटीत पडतं, ती भरली की कलंडते, दुसरी वर येते. एक कलंडणं म्हणजे ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर, यंत्राप्रमाणे. सगळं राज्य, सगळा विमा, सगळे नकाशे त्या कलंडण्याच्या टकटकीवर उभे आहेत. आणि ती टकटक बंद पाडायला एक कोळी पुरतो. नरसाळ्याच्या भोकात जाळं, कावळ्यानं टाकलेलं काहीतरी, कुंभारीण माशीचं मातीचं घर. वर कोसळतोय आणि यंत्र दाखवतंय शून्य. यात सर्वात वाईट काय, तर तो शून्य खऱ्या शून्यासारखाच दिसतो. पुण्यात किंवा दिल्लीत बसलेल्या माणसाला फरक कळायला शेजारच्या केंद्रांशी ताडून बघावं लागतं.

म्हणून ठरावात जागेच्या खाली दुसरी ओळ घाला. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा, नरसाळं कोण बघणार. माणसाचं नाव घाला, 'ग्रामपंचायत' लिहू नका. पंचायत नरसाळं बघत नाही.

कोकणी_शंका

काका तुमचं सगळं खरं, पण मला या जाळ्याचाच कंटाळा आलाय. आधी तहसील कचेरीत मापक होता. मग २०१७ पासून राज्याचा महावेध प्रकल्प, दोन हजारांवर महसूल मंडळांत हवामान केंद्रं. आता ग्रामपंचायत. अंदाज काही सुधारला का? उद्या पाऊस पडेल का हे अजून आमच्या मांजराला जास्त कळतं. ठेकेदारांचं भलं, दुसरं काय.

साडेआठ

मांजराला कळतं हे मान्य, पण मांजर नोंद ठेवत नाही.

तुम्ही दोन वेगळी कामं एकत्र करताय. अंदाज म्हणजे उद्याचं. निरीक्षण म्हणजे झालं त्याचं. गडीभाऊंना त्या संध्याकाळी अंदाज नको होता, पाऊस पडून गेला होता. त्यांना साक्षीदार हवा होता. तहसिलातला मापक हाही साक्षीदारच, फक्त तो तहसिलात उभा.

जाळं दाट का लागतं याचं एकच उदाहरण देतो, तुम्हाला मुंबई जवळची. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि कुलाब्याला ७४ सुद्धा नाही. मध्ये पंचवीसेक किलोमीटर. मुंबईत फक्त कुलाब्याची जुनी वेधशाळा राहिली असती तर कागदावर त्या दिवशी बरा पाऊस झाला, एवढंच उरलं असतं. किंवा घाट घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, पसरणी घाट उतरून वाईला आलात की हजाराच्या आत. आम्ही महाबळेश्वरला १०० चौरस सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं आणि खाली दहा लिटरची बाटली लावायचो, म्हणजे १००० मिलिमीटर मावतो. सोलापूरला असताना मी त्या बाटलीची आठवण काढून हसायचो.

उपग्रह आणि रडार ढग बघतात, ढगातून पडणाऱ्या पाण्याचा हिशेब लावतात. तो हिशेब बरोबर का चूक हे शेवटी जमिनीवरच्या डब्याला विचारतात. डबाच नसेल तर विचारायचं कुणाला?

ठेकेदारांबद्दल मी बोलत नाही. मी निवृत्त आहे, सुखात आहे.

फोर्टकॉलिन्सची_माई

मी मूळची साताऱ्याची, गेली वीस वर्षं अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्स गावी. हा धागा वाचून हसू आलं, कारण इथली कथा तीच.

२८ जुलै १९९७ ला या गावाच्या पश्चिम भागात साडेचौदा इंच पाऊस झाला, म्हणजे ३६० मिलिमीटरच्या वर. पाच माणसं गेली. आणि गावाच्या पूर्वेला, काही मैलांवर, दोन इंचही नाही. मधल्या मोजक्या मापकांना या फरकाचा पत्ता नव्हता. तेव्हा इथल्या विद्यापीठातल्या हवामान केंद्राच्या नोलन डोस्केन यांनी दुसऱ्या वर्षी लोकांनाच मापक लावायला सांगितले, त्याचं नाव कोकोराझ. आता ते सगळ्या पन्नास राज्यांत आहे, कॅनडातही आहे. यंत्र कसलं, चार इंच तोंडाची प्लॅस्टिकची नळी. आत एक बारीक नळी असते, तिचं क्षेत्रफळ तोंडाच्या एक दशांश, म्हणून एक इंच पाऊस आत दहा इंच उंच दिसतो आणि बारीक वाचता येतो. मी रोज सकाळी सातला बघते. नातू बघतो खरं तर, मी चष्मा शोधते.

इथे ते एक गोष्ट फार बजावतात. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य कळवा. गप्प बसू नका.

साडेआठ

माई, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मी विसरलो होतो. शून्य आणि रिकामी चौकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मी पाहिलं आणि नव्हता. रिकामं म्हणजे मी पाहिलंच नाही. महिन्याची बेरीज करणारा माणूस दोन्ही सारखेच धरतो आणि तिथे दुष्काळ जन्माला येतो.

आमच्याकडे तिसरंही एक होतं. थेंब पडले पण ०.१ सुद्धा भरला नाही, तर 'लेश' लिहायचं. माझे पहिले साहेब विचारायचे, 'लेश की शून्य?' आणि मी म्हटलं 'शून्यच साहेब' की ते स्वतः बाहेर जाऊन दगड ओला आहे का बघायचे.

रानातला_गडी

काका, माई, टेलिमेट्रीवाले भाऊ, फार उपकार. आईला विचारलं. घमेलं तुळशीपाशी होतं, वळचणीपासून चांगलं लांब. ती म्हणते, 'मी काय पत्र्याचं पाणी धरीन व्हय, त्यात कावळ्याची घाण असती.' म्हणजे ८० धरायला हरकत नाही. १२० गेलं याचं वाईट वाटलं, पण ८० सुद्धा ६५ च्या वरच आहे, नाही का? आता त्याचा उपयोग नाही म्हणा.

आज दुपारी टेप घेऊन गायरानात गेलो. टाकी जमिनीपासून पावणेतेरा मीटर. २६ मीटरवर एक जागा बरी आहे, पण तिथं रेंज एकच दांडी. ५० मीटरवर, उंचवट्याला, तीन दांड्या. पण उंचवट्याला वारा फार. आता?

दुसरं. सदस्य महाशय म्हणतात, 'गायरानात कुणीही तांब्याभर पाणी ओतून पाऊस पाडील, त्यापेक्षा माझ्या नजरेखाली राहील.' यावर काय बोलू?

तिसरं, माझ्या मेहुण्याचं. त्याच्याकडं २४ तारखेच्या रात्री पाऊस झाला, त्यानं अर्जात २४ लिहिलं, नोंद २५ ची निघाली. तो म्हणतो यंत्राचं घड्याळ चुकलं.

टेलिमेट्रीवाला

उंचवटाच घ्या, तीन दांड्या सोडू नका. २६ मीटरवाल्या जागेला उंच अँटेना लावून देतील म्हणतील, देत नाहीत.

तांब्याचं काका सांगतील, पण माझ्याकडून एक. आलेख मिनिटामिनिटाचा निघतो. ओतलेलं पाणी ओळखू येतं.

साडेआठ

उंचवट्याबद्दल मी टेलिमेट्रीवाल्यांशी निम्मा सहमत आहे. टेकडीच्या माथ्यावर आणि कड्याच्या काठावर मापक नको, वाऱ्यानं पाऊस कमी भरतो. पण तुमचा उंचवटा किती? दोन-तीन मीटरचा फुगवटा असेल तर चालेल. पलीकडच्या बाजूला थोडं उतरून रेंज बघा. जागा शंभर टक्के कधीच मिळत नाही, मला चौतीस वर्षांत मिळाली नाही. काय कमी आहे ते लिहून ठेवायचं आणि फोटो काढायचे, चारही दिशांचे. पाच वर्षांनी शेजारी कुणी निलगिरी लावली तर त्या फोटोवरून कळतं की पाऊस कमी झाला का झाड मोठं झालं.

तांब्या. मापकाचं तोंड २० सेंटिमीटरचं असेल तर एक लिटर पाणी ओतल्यावर ३२ मिलिमीटर भरतात. दोन तांबे ओतले की ६४. तुमचे सदस्य महाशय हिशेबी आहेत, त्यांनी हे आधीच काढलं असेल. पण खरा पाऊस सुरू होतो, वाढतो, मध्येच दम घेतो, रेंगाळतो. तांब्याचा पाऊस दोन मिनिटांत धडाधड कलंडतो आणि कापल्यासारखा थांबतो. तालुक्याच्या केंद्रात हवेतली आर्द्रता हललेली नसते, शेजारच्या गावी शून्य. असा आकडा बाजूला काढतात आणि मग त्या केंद्राच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. हे त्यांना सभेत सांगा, जरा मोठ्यानं.

पाणी ओतायचंच असेल तर तपासणीसाठी ओता, यंत्र सांभाळणाऱ्यांना कळवून आणि कोरड्या दिवशी. तोंड २० सेंटिमीटर असेल तर ३१४ मिलिलिटर म्हणजे १० मिलिमीटर. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुचाला सुईनं भोक पाडून अर्ध्या तासात थेंबथेंब जाऊ द्यायचं. अर्ध्या मिलिमीटरची वाटी असेल तर वीसदा कलंडली पाहिजे. अठरा झाली तर सांगा त्यांना. एकदम ओतलंत तर कमीच मोजेल, कारण वाटी कलंडत असताना पडणारं पाणी वाया जातं. मुसळधार पावसातही तेच होतं, हा या यंत्राचा जन्माचा दोष.

आता मेहुणे. घड्याळ चुकलेलं नाही. पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला सगळा पाऊस आजच्या तारखेला लिहायचा. २४ च्या रात्री पडला तो २५ ला मोजला, म्हणून २५. साडेआठच का, तर तेव्हा जागतिक वेळेनुसार पहाटेचे तीन वाजतात आणि त्या घटकेला जगभरची केंद्रं वाचन घेतात. मेहुण्यांनी दुरुस्तीचा अर्ज देऊन पाहावा, रात्रीचा पाऊस असं स्पष्ट लिहून.

यात एक काटा मात्र आहे आणि तो मला नोकरीतही टोचायचा. पहाटे सहाला सुरू झाला, अकराला थांबला, एकूण ७८. साडेआठच्या अलीकडे ४०, पलीकडे ३८. दोन दिवसांत वाटला गेला आणि दोन्ही दिवस ६५ च्या खाली. रान तेवढंच वाहून गेलं. एक एकरावर ६५ मिलिमीटर म्हणजे दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर पाणी, दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. ते सव्वीस टँकर साडेआठचा भोंगा वाजला म्हणून थांबत नाहीत. पूर्वी दिवसाला एकच आकडा होता, काही करता येत नव्हतं. आता यंत्र दर काही मिनिटांचा आकडा देतं, तर सलग चोवीस तास कुठूनही धरता येतील. हे धोरणवाल्यांनी ठरवायचं आहे, पण गावानं तपशीलवार आकडे मागायला काय हरकत?

कोकणी_शंका

हे साडेआठचं मला माहीत नव्हतं. मांजराला सांगतो.

रानातला_गडी

मंडळी, खबर. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब. निम्मं गाव वाटाण्याच्या तोडीला गेलं होतं. पुढच्या सोमवारी परत, तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून तेव्हा ठराव होईलच.

तोवर सरपंचांना स्लॅबचं समजावलं. त्यांना वाऱ्याचं पटलं नाही, पण 'नुकसानीच्या दिवशी कमी दाखवेल' हे एका वाक्यात पटलं. सदस्य महाशयांना तांब्याचं गणित सांगितलं तेव्हा ते ३२ म्हणायच्या आधीच ३२ म्हणाले. काका, तुम्ही माणूस ओळखता.

नरसाळं बघायला हेडमास्तर तयार आहेत, सातवीची पोरं घेऊन. सुट्टीत कोण हा प्रश्न आहे, तिथं मी माझं नाव घातलंय. उंचवट्याच्या पलीकडच्या उतारावर दोन दांड्या रेंज मिळाली, टाकीपासून ४४ मीटर.

आणि आईनं घमेलं काढून टाकलं. गोडेतेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा वरून कापून तुळशीपाशी ठेवलाय, भिंती उभ्या आहेत. काल रात्री चार थेंब आले. सकाळी बरोबर साडेआठला पट्टी लावली, तर एका कोपऱ्यात २ मिलिमीटर आणि समोरच्या कोपऱ्यात कोरडं. काय लिहू?

साडेआठ

आज काहीच लिहू नका, रिकामी चौकट ठेवा आणि शेजारी कारण लिहा. अंगणाला उतार आहे. डब्याखाली दोन बाजूंनी चपटे दगड सारून तोंड पाणसळीत घ्या, मग वाऱ्यानं हलू नये म्हणून बाहेरून चार विटा लावा, पण काठापेक्षा खाली. पत्र्याची कापलेली कड आत वळली असेल तर हातोडीनं सरळ करा, आईंचा हात कापेल. पाणी इतकं कमी असेल तेव्हा पट्टी कामाची नाही. बाजारातून १५ सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं आणा, बाटलीवर बसवा आणि औषधाच्या मापानं मोजा, १७.७ मिलिलिटरला एक मिलिमीटर.

वही शंभर पानी घ्या. दोनशे पानी घेतली की मागची पानं किराणाच्या हिशेबाला जातात.